झाकण मिटल्यावर

परीक्षेला चार दिवस उरले होते तेव्हा आमचा लॅपटॉप पहिल्यांदा झोपला. आपा सरावाचा पेपर सोडवून राहिली होती. फिजिक्सचं एक गणित कागदावर करायला तिला सात मिनिटं लागली आणि मान वर करून बघते तर पडदा काळा. बटण दाबलं, पडदा उजळला, पण पेपर गेला होता. 'आपला संपर्क तुटला आहे' एवढी एकच ओळ राहिली होती.

आपा घाबरली की पेनाचं टोपण चावते. त्या महिन्यात तिनं नऊ टोपणं चावून चपटी केली होती.

आपा म्हणजे माझी मोठी बहीण मुबश्शिरा. मी अलीझा, दहावीत. आम्ही उदगीरचे, चौबाऱ्याच्या मागं आमचं घर. आपाची बारावी झाली, डॉक्टरकीच्या परीक्षेत मागच्या वर्षी अकरा मार्कांनी हुकलं आणि ती रिपीटर झाली. लातूरकडं रिपीटर हा शब्द डिग्रीसारखा वापरतात, आमच्या नातेवाइकांत तो आजारासारखा वापरतात. लातूरचा एक क्लास अशा चाळीस मुली निवडतो आणि वर्षभर फुकट शिकवतो, राहणं-खाणं धरून. त्याची निवड परीक्षा रविवारी होती, घरी बसूनच द्यायची. अब्बांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "लातूर मिळालं तर एक साल अजून. न्हाई मिळालं तर इथंच कॉलेजात नाव घाल, बेटा. घरात बसून अजून एक साल मला बघवायचं न्हाई."

म्हणजे सगळं त्या तीन तासांवर होतं. आणि ते तीन तास नांदेडच्या मामूंनी पाठवलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर होते, जो पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की झोपी जायचा.

परीक्षेचे नियम कडक होते. कॅमेरा चालू पाहिजे. खोलीत दुसरं कोणी नको. खुर्चीवरून उठायचं नाही. संपर्क पाच मिनिटांपेक्षा जास्त तुटला की पेपर आपोआप बंद.

"अली, तू बघ गं याचं काय ते," आपा म्हणाली. ती मला सहसा काही सांगत नाही, म्हणून मी लई खूश झाले. खरं सांगायचं तर त्या वर्षी मला नुकतंच कळायला लागलं होतं की मला गोष्टी जमतात. शाळेतला प्रोजेक्टर मी चालू करायची. महानंदा मावशीचं राशनकार्ड मी आधारला जोडून दिलं होतं. गल्लीत कोणाचा मोबाइल अडला की मलाच हाक. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तासाभरात शोधून काढलं. पॉवर नावाचं एक पान असतं. त्यात झोपेच्या दोन रांगा असतात, एक लाइट चालू असतानाची, एक बॅटरीवर असतानाची. दोन्हीकडं 'पाच मिनिटं' होतं. मी दोन्हीकडं 'नेव्हर' केलं. एकीकडंच करणारी माणसं असतात, लाइट गेली की फसतात. मी दोन्हीकडं केलं.

रात्री जेवताना मी जाहीर केलं, "आता हा कधीच झोपणार न्हाई."

अब्बा हसले. "तुझ्या अम्मीची सेटिंग त्र्याण्णव सालापासून तशीच हाय."

अम्मी हसली नाही. तिनं नुसतं फडताळाकडं बघितलं. तिथं वरच्या फळीवर स्टीलचे तीन ग्लास एकावर एक पालथे घातलेले असतात. पाणी प्यायला नसतात ते. जमीन हलली की ते पडतात, म्हणून असतात. भूकंपाच्या वेळी अम्मी सात वर्षांची होती, औशाकडच्या गावात. घरात सहा माणसं झोपलेली, चार निघाली. तेवढंच तिनं आम्हाला सांगितलंय. आमच्या घरात ग्लास वाजला की कोणी काही विचारत नाही. अम्मी हाताला धरते आणि आपण बाहेर जायचं. अब्बांनी गॅस बंद करायचा, मेन स्विच खाली करायचा आणि मग यायचं. माझ्या आठवणीत असं सहा वेळा झालं. एकदा खरंच हललं होतं, बाकी मांजर.

शनिवारी परीक्षेआधीचा फॉर्म भरायचा होता. लॅपटॉप तपासला का, नेट तपासलं का, असे बारा मुद्दे आणि प्रत्येकापुढं एक चौकट. आपा रसायनशास्त्र घोकून राहिली होती. म्हणाली, "तू भर." मी बाराही चौकटींत टिक केली. एका दमात. तपासलंच होतं की सगळं.

रविवारी आपा अब्बांच्या कामाच्या खोलीत बसली, कारण दार लागतं अशी तीच एक खोली. अब्बा जिल्दसाज आहेत, पुस्तकं बांधतात. आजोबाही होते. आधी कुराणशरीफ आणि शाळेची रजिस्टरं यायची, आता निम्म्याहून जास्त काम लातूरच्या क्लासांच्या नोट्स बांधायचं. त्या खोलीत खळीचा वास भरलेला असतो. मी माझं इतिहासाचं पुस्तक कधी उघडं पालथं टाकलं तर अब्बा हातातलं काम सोडून येतात आणि ते मिटतात. "किताबीची कंबर मोडते," म्हणतात. "आणि वाचणारा उठून गेला आणि किताब उघडी ऱ्हायली, तर शैतान वाचतो." लहानपणी मी मुद्दाम गणिताचं पुस्तक उघडं ठेवायची, शैतानाला जमतंय का बघायला.

अकराला पेपर सुरू झाला. नेट अब्बांच्या मोबाइलवरून, तो खिडकीत ठेवलेला. मी दाराबाहेर उंबऱ्यावर बसले, पहाऱ्याला. आतून फक्त पेनाचा आवाज. साडेअकरा झाले. बारा झाले. मी फटीतून बघायची, पडद्याचा उजेड आपाच्या गालावर आहे का. होता. दर वेळी होता, तरी दर दोन मिनिटांनी मी बघत होते. जणू पेपर माझाच.

बारा वाजून बावीस मिनिटांनी स्वयंपाकघरात ग्लास पडले.

मी उठायच्या आत अम्मी माझ्या अंगावरून आत गेली होती. तिनं आपाचं मनगट धरलं.

"अम्मी, पेपर चालू हाय. अम्मी, नियम हाय, उठायचं न्हाई."

"चल."

"अम्मी, ऐक ना, दोन मिनिटं..."

"चल म्हणते ना."

एका हातात आपा, दुसऱ्या हातात मी, आणि आम्ही गल्लीत. आपाच्या पायात चप्पल नव्हती. ऊन डोक्यावर आलेलं. गल्लीत दुसरं कोणीच बाहेर आलेलं नव्हतं.

शेजारची महानंदा मावशी तिच्या दारात आली, हाताला पीठ. "काय झालं गं बिलकीस? हाललं का?"

"ग्लास पडले," अम्मी म्हणाली.

"मला तर न्हाई बाई काही कळलं. आत्ता बोअरची गाडी गेली न्हवं का मागून, धडधड करत. तिनंच पडले असतील."

"असंल," अम्मी म्हणाली, पण मनगट सोडलं नाही.

"अम्मी, जाऊ दे मला," आपा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाच मिनिटं झाली की बंद पडतो पेपर."

"दुसरा धक्का येतो मागून. पहिल्यानंतर घरात परत गेलेली माणसंच..." अम्मीनं वाक्य तिथंच सोडलं.

मी मधे पडले. "आपा, घाबरू नको. पाच मिनिटं संपर्क तुटल्यावर. संपर्क कुठं तुटलाय? लॅपटॉप जागा हाय. अब्बांनी मेन स्विच पाडला तरी बॅटरीवर जागा राहील, मी दोन्ही रांगांत केलंय. तू खुर्चीवर न्हाईस एवढंच. त्याची नुसती ताकीद मिळते, मी वाचलंय."

आपानं माझ्याकडं बघितलं, आणि तिचा श्वास थोडा खाली बसला. तो एक क्षण मला अजून आठवतो. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

अब्बा बाहेर आले. खळीचं भांडं उतरवून, गॅस बंद करून, स्विच पाडून, हात पुसत, सावकाश. "चला, काही न्हाई. सगळं बघून आलो. ती पण मिटून आलो."

"काय मिटून आलात?" मी विचारलं.

"तेच. तुझं ते, लॅपटॉप. उघडंच टाकून आली मुबश्शिरा. वरून पापुद्रा पडला तर काचेवर पडंल. आणि समोर बसणारं कोणी न्हाई, तर उघडं कशाला ठेवायचं?"

आपानं हिसका देऊन हात सोडवला. आम्ही दोघी धावलो.

लॅपटॉप मिटलेला होता. नीट, चारी कोपरे जुळवून, जसं अब्बा नवी जिल्द मिटतात. वर मलमलचा तुकडा. बाजूचा दिवा विझलेला. मी झाकण उघडलं. पडदा आधी काळा, त्यात माझा चेहरा, मग निळा, मग पासवर्ड. माझी बोटं दोनदा चुकली. मग ती ओळ आली. 'पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ संपर्क तुटल्याने आपला पेपर बंद करण्यात आला आहे. १२.३३.' भिंतीवरच्या घड्याळात बारा चौतीस झाले होते.

एक मिनिट.

झाकणाचं मला सुचलंच नव्हतं. कितीही 'नेव्हर' केलं तरी झाकण मिटलं की तो झोपतो, ती सेटिंगच वेगळी. त्याचं पान दुसरं असतं. मी ते पान बघितलं नव्हतं.

अम्मी दारात आली होती. आपा तिच्याकडं न बघता बोलली, "आता बरं वाटतंय ना? तुला नकोच होतं मी जावं. लातूरचं हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर हाय म्हणल्यापासून तू नीट जेवली न्हाईस. झालं आता. इथंच ऱ्हाते, खाली, जमिनीवर."

अब्बा म्हणाले, "मुबश्शिरा." बस, एवढंच.

फॉर्मवर मदतीचा नंबर होता. मी अम्मीच्या फोनवरून लावला. बिझी. परत बिझी. आठव्या वेळी कोणीतरी उचलला. भीमाशंकर सर म्हणून होते. मी स्पीकर लावला आणि एका श्वासात सगळं सांगितलं.

"धक्का? कुठला धक्का?" सर म्हणाले. "मी लातुरात बसलोय, इथं पंख्याचं पातंसुद्धा हाललं नाही. सकाळपासून हा चौथा फोन. एकाची म्हैस सुटली, एकाचा मोबाइल हौदात पडला. आता तुमचा भूकंप."

"सर, आमच्या घरात ग्लास असतात..."

"थांबा. उमेदवाराचा फॉर्म माझ्यासमोर आहे. मुद्दा नऊ. 'झाकण मिटले तरी लॅपटॉप चालू राहतो, हे तपासले.' टिक आहे. कोणी केली?"

मला वाटलं जमीन आता खरंच हलतेय. मुद्दा नऊ. मी तो वाचलाच नव्हता.

"मी केली सर," आपा म्हणाली.

"न्हाई सर," मी म्हणाले. "मी केली. मी तिची बहीण. न वाचता केली. तिला माहीतच न्हाई त्यात काय होतं."

"सर, सलाम," अब्बा पुढं सरकले. "झाकण मी मिटलं. पोरींची काही चूक न्हाई. मी जिल्दसाज माणूस. उघडी किताब दिसली की माझा हात आपोआप जातो, मला कळायच्या आधी."

"ती किताब नाही, लॅपटॉप आहे."

"हाव सर. हाताला कळलं न्हाई."

"आणि तिला खुर्चीवरून मी ओढलं," अम्मी दारातूनच म्हणाली, मोठ्यानं, जणू फोन बहिरा आहे. "ती उठत न्हवती. मी ओढलं."

"एकेकानं बोला," सर वैतागले. "किती माणसं आहेत त्या खोलीत? खोलीत कोणी नको असा नियम आहे ना?" मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हे बघा, प्रत्येक घराची एक गोष्ट असते. खरी असंल, मी खोटी म्हणत नाही. पण तेवढ्या वेळात पोरीनं आत बसून पुस्तकात बघितलं नाही, हे मी कशावरून मानू? बाकी पोरी खुर्चीला चिकटून बसल्यात."

आपानं टोपण तोंडात घातलं. तेव्हा मला ते सुचलं.

"सर, झाकण मिटेपर्यंत लॅपटॉप जागा होता. मी झोप बंद केलेली. म्हणजे कॅमेरा चालू होता. आम्ही बाहेर गेलो त्याच्यानंतरचं सगळं तुमच्याकडं आलं असंल. ते बघा ना सर. ग्लास पडल्याचा आवाजपण असंल."

"बघतो. तुम्ही फोन करू नका, मी करतो."

बारा बेचाळीस. त्यानंतरचं एकेक मिनिट मी मोजलं. अब्बा खोलीच्या कोपऱ्यात उभे होते, हात मागं बांधून, जणू त्यांनाच त्या हातांची भीती वाटत होती. अम्मी स्वयंपाकघरात गेली. पडलेल्या तीन ग्लासांतला एक तिनं धुतला, पाणी भरलं आणि आपाच्या पुढ्यात ठेवला. त्या ग्लासांतून आम्ही कधीच पाणी प्यालो नव्हतो. आपानं बघितलं. मग उचलला आणि सगळा संपवला.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "आपा, मी नऊ नंबर वाचायला पाहिजे होता."

"हं."

"मला वाटलं मला सगळं येतं."

"येतं तुला," ती म्हणाली. "वाचत न्हाईस फक्त."

एक वाजून सात मिनिटांनी फोन वाजला.

"बघितलं," भीमाशंकर सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "भांडी पडल्याचा आवाज आहे. मग एक बाई येतात, पोरीला अक्षरशः उचलून नेतात. मग सहा मिनिटं रिकामी खुर्ची. मग एक गृहस्थ येतात. टेबलावर कच्चं काम पडलेलं आहे, त्याला हात लावत नाहीत. पडद्यावर प्रश्न आहे, त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत. तोंडानं 'बिस्मिल्ला' म्हणतात, आणि अंधार."

"तोच मी," अब्बा म्हणाले.

"कळलं ते. ऐका. मी पेपर उघडून देतो. पण गेलेला वेळ गेला. दोनला सगळ्यांबरोबर बंद होईल. त्याच्यापुढं माझ्या हातात काही नाही. आणि आधी ते झाकणाचं नीट करा, मी लाइनवर थांबतो. कुठंय ती टिक करणारी?"

मी खाली बसले. पॉवरचं पान. ते नाही. त्याच्या मागचं, जुन्या पद्धतीचं. त्यात डाव्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ, झाकण मिटल्यावर काय करायचं. तिथंही दोन रांगा, दोन्हींत 'स्लीप'. मी एक बदलली. घाईत दुसऱ्या रांगेत चुकून 'शट डाउन' वर गेले. आपाच्या तोंडून "अली" असं बारीक आलं. मी परत आणलं. 'डू नथिंग'. दोन्हीकडं 'डू नथिंग'. सेव्ह. मग या वेळी मी वाचलं, पानावरचं प्रत्येक अक्षर, वरपासून खालपर्यंत. मग झाकण मिटलं, दहा आकडे मोजले, उघडलं. पासवर्ड मागितला नाही. तो जागाच होता.

"झालं सर."

"तपासलं?"

"तपासलं."

एक बारा. पेपर उघडला. अठ्ठेचाळीस मिनिटं, त्रेपन्न प्रश्न.

आम्ही तिघं बाहेर आलो आणि मी दार ओढून घेतलं. अब्बा अंगणातल्या नळाजवळ उकिडवे बसले. अम्मी माझ्या शेजारी उंबऱ्यावर. तिचे दोन्ही तळवे फरशीवर टेकलेले, बोटं पसरलेली, असं ती नेहमी बसते, आणि मला इतकी वर्षं वाटायचं की तिला फरशीचा गारवा आवडतो.

एक चाळीसला मागच्या रस्त्यानं परत तीच गाडी गेली. या वेळी मलासुद्धा कळलं, फरशी गुरगुरली. स्वयंपाकघरात काहीतरी खणखणलं. अम्मी अर्धी उठली. तिचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. मी तिला धरलं नाही, नुसतं बघत राहिले. कडीवर तिची बोटं आवळली, आणि मग एकेक करून सुटली. ती परत बसली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत राहिली, आणि आतून पेनाचा आवाज येत राहिला.

दोनला आपा बाहेर आली. "चौदा ऱ्हायले," ती म्हणाली आणि तशीच जाऊन झोपली. संध्याकाळपर्यंत उठली नाही.

नऊ दिवसांनी यादी लागली. चाळीस नावं. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. आपा नव्हती. खाली प्रतीक्षा यादी होती, त्यात तिसरी. मुबश्शिरा नासिर जिल्दसाज, उदगीर. अब्बांनी ती ओळ चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "तिसरी म्हणजे काय?" मी सांगितलं, चाळिसातल्या तिघी सोडून गेल्या तर. "कोण सोडतं?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इथल्या कॉलेजचा फॉर्म आणला आणि शिलाईच्या दोऱ्याच्या रिळाखाली ठेवला. भरला मात्र नाही. आपानंही नाही.

मग गुरुवारी दुपारी अम्मीचा फोन वाजला. आपानंच उचलला, कारण अम्मी कणीक मळत होती. स्पीकरवर भीमाशंकर सर.

"मुबश्शिरा का? दोघी दुसऱ्या क्लासला गेल्या, आणि रेणापूरच्या एका मुलीला सरकारी कॉलेजात नर्सिंग मिळालं. तुझा नंबर आला. उद्या दुपारी बारापर्यंत हजर पाहिजे, नाहीतर मी पुढचीला फोन करणार. राहायचं तिसऱ्या मजल्यावर, खाली जागा नाही. येणार का? घरी विचारून सांगतेस?"

आपानं कोणाकडंच बघितलं नाही. ना अब्बांकडं, ना अम्मीकडं. "विचारायचं न्हाई सर," ती म्हणाली. "येते."

"ठीक. बारा म्हणजे बारा."

"सर, एक मिनिट," अम्मी म्हणाली. कणकेचा हात तसाच वर धरून ती फोनजवळ आली आणि वाकली. "सर, मी तिची अम्मी. जिना किती रुंद हाय?"

मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"दोघी जणी शेजारी-शेजारी उतरतील एवढा आहे, बाई. आणि मागून लोखंडी दुसरा आहे."

"दाराला आतून कडी का कुलूप?"

"कडी."

अम्मीनं मान हलवली, एकदा, दोनदा, जणू ती तो जिना मनातल्या मनात उतरून बघत होती. खालपर्यंत पोचली असावी.

"मग येती ती," अम्मी म्हणाली. "बाराच्या आत."